द्यूतसभेतील प्रेक्षक



सभापर्वातील द्यूताचा प्रसंग आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. फासे टाकणारा शकुनी, एकेक पण हरत जाणारा धर्मराज, केस धरून सभेत ओढत आणलेली द्रौपदी, ही चित्रे लहानपणापासून आपल्या डोळ्यांपुढे उभी आहेत. परंतु महर्षी व्यासांनी या प्रसंगी आणखी एक गोष्ट मोठ्या बारकाईने टिपून ठेविली आहे आणि तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती गोष्ट म्हणजे पाहणाऱ्यांचे चेहरे. युधिष्ठिराने द्रौपदीला पणास लाविले त्या क्षणी सभेत कोणाची काय अवस्था झाली, याची व्यासांनी जणू नोंदवहीच लिहिली आहे. वृद्धांच्या मुखातून धिक्कार निघाला. भीष्म, द्रोण व कृप यांना घाम फुटला. विदुर मस्तक हातांत धरून, प्राण गेल्यासारखा, खाली मान घालून बसला. कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी आले. कर्ण व दुःशासन यांना हर्ष झाला. आणि ज्याला डोळेच नव्हते तो धृतराष्ट्र पुनःपुन्हा विचारीत राहिला की, जिंकले काय, जिंकले काय? त्याला आपला आनंद लपविता आला नाही, असे व्यास स्पष्ट सांगतात.

खेळ एकच, पण प्रत्येक पाहणारा निराळा. खेळणाऱ्यांचे अंतरंग फाशांनी उघडे केले, आणि पाहणाऱ्यांचे अंतरंग त्यांच्या पाहण्याने उघडे केले. आजच्या निरूपणात खेळणाऱ्यांना बाजूस ठेवून या पाहणाऱ्यांचाच विचार करावयाचा आहे. त्यासाठी प्रसंगही चालून आला आहे. आरतीनंतर आपल्या तरुण मंडळींत ज्या कोरियन मालिकेविषयी मोठ्या हिरिरीने बोलणे चालते, ती ‘स्क्विड गेम’ नावाची मालिका एका द्यूतसभेचीच कथा आहे, आणि तिच्या प्रेक्षकांनी जे जे उद्गार काढिले ते व्यासांच्या नोंदवहीशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत.

ज्येष्ठ श्रोत्यांपैकी अनेकांनी ती पाहिलेली नसणार, म्हणून थोडक्यात सांगतो. स्क्विड म्हणजे आपल्या कोकणात ज्याला माकूळ म्हणतात तो समुद्रातील प्राणी. कोरियातील मुले अंगणात त्या आकाराच्या रेघा आखून एक खेळ खेळत असत, आपल्या आट्यापाट्यांसारख्या रेघांचा. त्यावरून हे नाव. ह्वांग डाँग-ह्युक या लेखक-दिग्दर्शकाची ही कृती प्रथम १७ सप्टेंबर २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आली. कर्जात बुडालेली ४५६ माणसे एका बेटावर नेली जातात. तेथे त्यांना लहान मुलांचे खेळ खेळावयाचे असतात आणि जो हरेल त्याला जागीच ठार केले जाते. प्रत्येक मेलेल्या माणसामागे दहा कोटी वॉन बक्षिसाच्या राशीत पडतात. सर्वांचे मिळून ४५६० कोटी. सोन्याचे पशुमुखवटे घातलेले काही धनिक हा खेळ पाहतात व माणसांवर पैज लावितात. सोंग गी-हुन नावाचा एक साधा, जुगारी, परंतु मनाने हळवा मनुष्य त्यातून एकटा जिवंत बाहेर पडतो. दुसरा भाग २६ डिसेंबर २०२४ रोजी व तिसरा, अखेरचा भाग २७ जून २०२५ रोजी आला. दुसऱ्या भागास पहिल्या चार दिवसांतच ६ कोटी ८० लाख प्रेक्षणे मिळाली, असे नेटफ्लिक्सने जाहीर केले. तिसऱ्या भागाने तीन दिवसांत सहा कोटींचा आकडा ओलांडिला. हस्तिनापूरच्या सभेत किती राजे बसले असतील ते असोत, एवढी विशाल प्रेक्षकसभा मात्र कोणत्याही द्यूताला पूर्वी लाभली नव्हती.

आता त्या सभेतील चेहरे पाहू. दुसरा भाग संपला तेव्हा पुष्कळ प्रेक्षक संतापले. त्यांची तक्रार अशी की, कथा ऐन मध्यावर तोडली, बंड फसले, नायकाचा जिवलग मित्र मारला गेला आणि पडदा पडला. सातच भाग आणि त्यांत खेळ थोडे, बोलणे फार. सहा महिने थांबावयाचे कसे? भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याच्या पतनाची जी पायरी-पायरी दाखविली आहे ती येथे किती तंतोतंत उतरते पाहा. विषयाचे चिंतन केले की संग जडतो. संगातून काम, म्हणजे आणखी हवे ही ओढ. आणि त्या ओढीच्या आड काही आले की क्रोध. एका कल्पित कथेचा पुढील भाग लांबला एवढ्याने लक्षावधी सुशिक्षित माणसांस क्रोध यावा, हे गीतेवरील एक भाष्यच म्हटले पाहिजे. खेळ थोडे झाले या तक्रारीचा अर्थही क्षणभर थांबून लक्षात घ्यावा. त्या कथेत प्रत्येक खेळ म्हणजे पन्नास-शंभर माणसांचे मरण. खेळ आणखी हवे होते, म्हणजे काय आणखी हवे होते?

तक्रार करणारे दुष्ट होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ते तुमच्या-आमच्यासारखे, दिवसभर कामाने थकलेले गृहस्थ होते. म्हणूनच हा विषय मंदिरात बोलण्याजोगा आहे.

दुसऱ्या भागाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. माणसे जाळ्यात ओढणारा एक सुटाबुटातील मनुष्य सोलच्या एका उद्यानात बेघर लोकांपुढे जातो. त्याच्या एका हातात पाव, दुसऱ्या हातात लॉटरीचे तिकीट. कोणतेही एकच घ्या. भुकेली माणसे बहुतेक सारी तिकीट घेतात, तिकिटे रिकामी निघतात. मग तो उरलेले पाव त्यांच्यादेखत जमिनीवर ओतून पायांखाली तुडवितो. हे पाव मी टाकले नाहीत, तुम्हीच टाकिलेत, असा त्याचा आविर्भाव. या प्रसंगी त्या नटाच्या अभिनयाची जगभर वाहवा झाली आणि ती यथार्थच आहे. पण आपल्या घरांत अन्नाचा कण सांडला तर उचलून कपाळी लावणारी आजी अजून आहे. तिला हा प्रसंग दाखविला असता तर तिचे लक्ष अभिनयाकडे गेले नसते, तुडविलेल्या पावाकडे गेले असते. दोन्ही पाहणेच आहे. मी आजीच्या पाहण्याला अधिक डोळस म्हणेन.

सभापर्वात द्यूत दोनदा झाले हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पहिल्या द्यूतानंतर धृतराष्ट्राने द्रौपदीस वर दिले, पांडवांचे राज्य परत केले, त्यांना निरोपही दिला. इंद्रप्रस्थाच्या वाटेवर असतानाच त्यांना पुन्हा बोलावणे आले, आणि सर्वनाश पुढे दिसत असूनही धर्मराज परत फिरला. त्या दुसऱ्या खेळाला अनुद्यूत म्हणतात. बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास या दुसऱ्या खेळाने पदरात पडला. कोरियन कथेतही हेच आहे. पहिल्या भागात वाचलेल्या २०१ जणांनी एका मताच्या अधिक्याने खेळ थांबविला, सर्वजण घरी गेले, आणि त्यांतील १८७ जण आपल्या पायांनी परत आले. दुसऱ्या भागात तर प्रत्येक खेळानंतर मतदान होते. पहिल्या खेळात ९१ माणसे डोळ्यांदेखत मेल्यावर उरलेल्या ३६५ जणांनी मत दिले: खेळ चालू ठेवावा १८३, थांबवावा १८२. निर्णायक मत देणारा मनुष्य खेळाडूंत वेषांतर करून बसलेला, खेळ चालविणाराच होता. पण त्याच्या आधीची १८२ मते कोणी दिली? कोणाच्याही मानेवर सुरी नव्हती. तेथेही अनेक प्रेक्षक चिडले की, ही माणसे इतकी मूर्ख कशी? धर्मराज परत का गेला, हा प्रश्न विचारताना आपणही असेच चिडतो.

लेखकाने त्यांना मूर्ख म्हणून रंगविलेले नाही. गी-हुन हा मोटारकारखान्यातून काढून टाकलेला कामगार आहे. २००९ साली प्योंगटेक येथील सॅंगयाँग मोटार कारखान्यात सुमारे २६०० कामगारांवर नोकरी जाण्याची पाळी आली आणि ७७ दिवस संप चालला. आपल्या नायकाचा पूर्वेतिहास त्यावरून घेतल्याचे ह्वांग यांनी सांगितले आहे. कर्जाने पिचलेल्या माणसास आणखी एक डाव, एवढीच आशेची खिडकी दिसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त जुगाऱ्याचे हेच दुःख सांगते. त्याची पत्नी त्याला सोडते, आई झुरते, रात्री तो कर्जासाठी दुसऱ्यांच्या दारी हिंडतो, आणि फासे टाकण्यापेक्षा शेत कस असा उपदेश शेवटी येतो. आपल्याकडे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे नाव आहे, आणि येथे गुजरातेत श्रावणातील सातम-आठमला पत्त्यांचे डाव कसे बसतात हे आपण पाहतोच. हातातील दूरध्वनीवर पैसे लावण्याचे खेळ तर एवढे माजले की २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. तेव्हा कोरियातील कथा ऐकून आपण निर्लेप राहावे असे काही नाही.

येथे एक आक्षेप सहज येईल, आणि तो एका तरुण सभासदाने गेल्या पंधरवड्यात मला विचारलाही. नाटक खोटे, रक्त रंगाचे, मेलेला नट संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. मग पाहण्यात दोष तो कोणता? आणि महाभारतात काय थोडी माणसे मरतात?

प्रश्न उत्तम आहे. त्याला धर्मबाह्य म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. भरतमुनींनी भयानक व बीभत्स यांना रसांत स्थान दिले आहे. तथापि प्रत्यक्ष मरण रंगभूमीवर न दाखविता प्रवेशकातून सुचवावे, असाही नाट्यशास्त्राचा संकेत आहे. हा संकेत आपल्याच भासाने ‘ऊरुभंगा’त मोडिला. तेथे मांड्या मोडलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो. पण भासाचा प्रेक्षक त्या मरणाने मऊ होतो. ज्याचा आयुष्यभर द्वेष केला त्या दुर्योधनाविषयी त्याच्या डोळ्यांत पाणी येते. म्हणजे रंगावर मरण आले की नाही, एवढ्याने निवाडा होत नाही. ते पाहून पाहणाऱ्याच्या आत काय जागे झाले, तेथे निवाडा होतो.

व्यासांनी याचेही एक विलक्षण उदाहरण दिले आहे. सौप्तिकपर्वात, युद्धाच्या अखेरच्या रात्री, अश्वत्थामा, कृप व कृतवर्मा एका विशाल वडाखाली विसावले आहेत. दोघांना झोप लागली. अश्वत्थामा जागा आहे. झाडावर सहस्रावधी कावळे निजलेले आहेत. तेवढ्यात एक घुबड निःशब्द येते आणि झोपलेले कावळे मारून टाकते. अश्वत्थामा ते पाहतो. घुबडाला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते, ते आपला निसर्गधर्म पाळीत होते. परंतु सूडाने तापलेल्या त्या मनाने तो देखावा उपदेश म्हणून घेतला. त्याने कृपाचार्यांना उठविले. मामाने परोपरीने विनविले की झोपलेल्यांना मारणे हा धर्म नव्हे. त्याने ऐकिले नाही, आणि पांडवांच्या शिबिरात शिरून निजलेल्या वीरांचा व द्रौपदीच्या पाचही पुत्रांचा वध केला. त्या तरुण सभासदाच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच की, घुबड खरे होते की चित्रातले होते, याने फारसा फरक पडला नसता.

योगायोग असा की, तिसऱ्या भागात अगदी याच जातीचा प्रसंग आहे. कोरियन लेखकाने महाभारत वाचले असेल असे मानण्यास काही आधार नाही. मानवी मनाच्या वाटाच थोड्या, म्हणून कथा एकमेकींस भेटतात. खेळाचा चालक रात्री गी-हुनला बोलावितो, आपला मुखवटा काढतो आणि त्याच्या हातात सुरी देतो. बाकीचे खेळाडू झोपले आहेत, उद्या ते त्या तान्ह्या मुलाला मारणार आहेत, तर आताच त्यांना संपव आणि मुलाला घेऊन बाहेर पड. चालकाने स्वतः पूर्वी हेच करून खेळ जिंकलेला असतो. गी-हुन सुरी घेऊन निजलेल्या माणसावर वाकतो, हात कापतो, आणि मागे येतो. अश्वत्थाम्याला जे जमले नाही ते या कर्जबाजारी जुगाऱ्याला जमते.

आणि येथे प्रेक्षकसभेत काय झाले? कित्येकांनी हळहळ केली, कित्येकांनी ती माघार हेच कथेचे शिखर मानिले, आणि कित्येकांनी त्याला मूर्ख ठरविले. मारावयास हवे होते, सारे नीच होते, मुलाचा जीव वाचला असता, स्वतःही जगला असता, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. अश्वत्थाम्याचाही नव्हता. सहस्रावधी कावळ्यांत एक घुबड कसे जिंकते, हे अंकगणित सर्वांना येते. मला भय वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. जे हात कथेत थांबले त्यांच्यावर घरी बसलेले सज्जन रागावले. धर्माने माघार घेतली की ती आपणांस दुबळी व कंटाळवाणी वाटू लागते, आणि ही चव एका मालिकेपुरती राहील याची हमी कोण देणार? सासूसुनेच्या वादात, भावाभावांच्या वाटणीत, जो एक पाऊल मागे घेतो त्यालाही मग आपण मूर्खच म्हणू लागतो.

या भागातील एका आईविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. एक वृद्ध स्त्री आपल्या कर्जबाजारी मुलाबरोबर खेळात अडकली आहे. लपंडावाच्या खेळात त्याला कोणाला तरी मारलेच पाहिजे, नाही तर तो मरणार. तो मारावयास धावतो ते नुकत्याच बाळंत झालेल्या एका तरुणीवर. म्हातारी आपल्या अंबाड्यातील पात्याची सुई काढून स्वतःच्या मुलालाच भोसकते. त्याचा हात थांबतो, त्याची मुदत टळते, आणि रक्षक त्याला गोळी घालतात. पुढे ती आई गळफास घेते. अनुद्यूताच्या आधी गांधारीने धृतराष्ट्रास सांगितले होते की या एका पुत्राचा त्याग करा, त्याच्यापायी कुळाचा नाश होऊ देऊ नका. धृतराष्ट्राचे उत्तर होते की, व्हावयाचे ते होवो, मला त्याला आवरता येत नाही. गांधारीचे शब्द वाऱ्यावर गेले. या म्हातारीने शब्द खर्चिले नाहीत. हा प्रसंग अवास्तव आहे असे काही प्रेक्षक म्हणाले. ज्यांच्या घरी बिघडलेला मुलगा आहे त्या आईबापांनी असे म्हटले असेल असे मला वाटत नाही.

तरुणी पुढल्या खेळात मरते आणि तिचे तान्हे मूल तिच्या क्रमांकाने, २२२ या अंकाने, खेळाडू गणले जाते. मुखवटेवाल्या धनिकांना ही कल्पना फार गंमतीची वाटते. अखेरच्या खेळापूर्वी मोठी, दाढीमिशा आलेली माणसे बसून चर्चा करितात की प्रथम कोणाला ढकलावे, आणि सर्वांत दुबळे म्हणून बोट त्या अर्भकाकडे वळते. त्यांत मुलाचा बापही आहे. याविषयी जगभर जी टीका झाली तिचा एक मोठा भाग असा होता की, मूल खरे वाटत नाही, ते यंत्राने रचलेले चित्र वाटते. टीका चित्रकलेच्या दृष्टीने ठीकच असेल. धनिकांच्या पात्रांविषयीही असेच झाले. त्यांचे संवाद कृत्रिम, त्यांचा अभिनय ओबडधोबड, असे पहिल्या भागापासून लोक म्हणत आले. गादीवर रेलून, काहीतरी खातपीत, कोण मरेल यावर पैज लावणाऱ्या त्या मुखवट्यांत कृत्रिमता आढळली, पण ओळखीचे काही आढळले नाही.

द्रौपदीने सभेला प्रश्न विचारला आणि सभा गप्प बसली. तेव्हा धृतराष्ट्राचा एक मुलगा, विकर्ण, उठून बोलला. कर्णाने त्याला दटावून खाली बसविले. मग विदुराने प्रल्हादाची जुनी कथा सांगितली. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि ऋषिपुत्र सुधन्वा यांचा वाद प्रल्हादापुढे आला असता कश्यपांनी त्याला सभेच्या धर्माचा हिशेब सांगितला. सभेत अधर्म घडला आणि निंद्य गोष्टीची कोणी निंदा केली नाही, तर पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे जातो, चौथा भाग करणाऱ्याकडे, आणि उरलेला चौथा भाग त्या सभासदांकडे, जे पाहत असूनही बोलले नाहीत. करणाऱ्याचा वाटा आणि पाहणाऱ्याचा वाटा विदुराने सारखाच ठेविला आहे! पतंजलींनीही योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसेचे तीन प्रकार केले: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली, आणि अनुमोदिलेली. त्या बेटावरील गुलाबी वेषातील रक्षक पहिल्या प्रकारात आले, मुखवटेवाले दुसऱ्यात. तिसरा प्रकार डोळ्यांतून व टाळ्यांतून होतो.

प्रस्तुत मालिका खुद्द निंद्याची निंदा करण्यासाठीच लिहिली गेली आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अखेरीस फेरी सुरू करण्याचे बटण दाबलेले नसल्यामुळे गी-हुन व मूल यांपैकी एकाने तरी मेलेच पाहिजे, असा पेच पडतो. गी-हुन मुलाला सुरक्षित ठेवून स्वतः खाली पडतो. माणसे म्हणजे शर्यतीचे घोडे नव्हेत एवढे तो पाहणाऱ्यांस सांगतो, आणि माणूस म्हणजे काय, हे वाक्य अर्धेच सोडतो. नायकाला जिवंत बाहेर काढून मुलीकडे पाठविण्याचा विचार आपल्या मनात प्रथम होता, असे ह्वांग यांनी पुढे सांगितले. प्रेक्षकांतील अनेकांना तोच शेवट हवा होता. लेखकाने तो दिला नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. पण लेखकाने निंदा केली म्हणून प्रेक्षकाच्या वाट्याची निंदा आपोआप होत नाही. पहिला भाग गाजल्यावर त्याच नेटफ्लिक्सने २०२३ च्या नोव्हेंबरात खऱ्या ४५६ माणसांना तेच हिरवे पोशाख घालून, ४५ लाख ६० हजार डॉलरांच्या बक्षिसासाठी तेच खेळ खेळविले. अर्थात कोणी मेले नाही. ज्या खेळाचा धिक्कार करावयाचा तोच करमणूक म्हणून मांडला गेला आणि लोकांनी तो आवडीने पाहिला. २०२१ च्या शरदात बेल्जियममधील एका शाळेला पालकांना कळवावे लागले की मुले मैदानात हा खेळ खेळतात आणि हरलेल्याला गुद्दे मारतात. मुलांनी मालिकेतील निंदा घेतली नाही, खेळ घेतला. मोठ्यांनी तरी दुसरे काय घेतले?

मालिका पाहू नका, असे मी सांगणार नाही. ती प्रौढांसाठी आहे, तेव्हा लहान मुलांपुढे ती लावू नये हे उघडच आहे, आणि दार लावून घेतले तरी शेजारच्या घरातून ती त्यांच्या कानी येते हेही उघड आहे. ज्या घरांत ती पाहिली गेली आहे तेथे एवढे करून पाहावे. जेवणाच्या वेळी मुलाला कथा विचारू नये, कथेत कोणत्या क्षणी तुला काय वाटले ते विचारावे. सुरी मागे घेतली तेव्हा बरे वाटले की चुकल्यासारखे वाटले? मूल उत्तर देईल. नंतर तोच प्रश्न त्याने आपल्याला विचारला तर उत्तर देण्याची आपली तयारी असावी. वेदान्तात साक्षी म्हणतात तो असा पाहणारा: दृश्य पाहताना ते पाहणाऱ्या आपल्या मनालाही तो पाहतो. धृतराष्ट्राला बाहेरचे दिसत नव्हते हे त्याचे दुर्दैव होते. पण मनात उसळलेला हर्षही त्याला दिसला नाही, हे दुर्दैवात मोडत नाही.

अश्वत्थाम्याने त्या रात्री पुत्र मारले आणि पुढे उत्तरेच्या गर्भावरही अस्त्र टाकले. भगवंतांनी तो मृत जन्मलेला बालक जिवंत केला. तोच परीक्षित. एवढ्या मोठ्या खेळाच्या अखेरीस कुरुकुळात जे उरले ते एक तान्हे मूल. या परीक्षिताचा मुलगा जनमेजय, आणि सारे महाभारत सांगितले गेले ते त्याच्यासमोर. म्हणजे द्यूतसभेची कथा प्रथम ज्याने सभेत बसून ऐकली तो परका प्रेक्षक नव्हता, वाचलेल्या मुलाचाच वारस होता. ऐकताना तो मध्येच अडवून विचारतो, माझ्या पूर्वजांनी असे का केले, तेव्हा कोण काय बोलले. आणि ही कथा चालली होती ती कोठे? सर्पसत्रात. बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून जनमेजयाने यज्ञ मांडिला होता, मंत्रांनी ओढलेले सर्प सहस्रांनी येऊन अग्नीत पडत होते, आणि सदस्य, ऋत्विज व राजे भोवती बसून पाहत होते. तेथे आस्तिक नावाचा एक कोवळा मुलगा आला. राजा प्रसन्न होऊन वर देऊ लागला. तक्षक अजून आला नाही, थोडे थांबा, असे होता सुचवीत होता. पण या वेळी सभा गप्प बसली नाही. सारे सदस्य एकमुखाने म्हणाले की या मुलाला वर द्यावा. तक्षक आकाशातून खाली येऊ लागला होता. आस्तिकाने त्याला थांब म्हटले, तो अधांतरी थांबला, आणि राजाने यज्ञ बंद केला.